माशाचे शिळे कालवण : रक्षण आणि परीक्षा

देवगडलगतच्या जामसंडे गावी, मालवणी मुलखात अन्यत्र होते त्याप्रमाणेच, रात्री उरलेले माशाचे कालवण सकाळी अधिक रुचकर लागते असे मानतात. या समजुतीत तथ्य आहे. रात्रभरात मीठ, कोकमाचे आम्ल आणि तिरफळाचा स्वाद माशात मुरतो. परंतु जो अवधी स्वाद मुरण्यास लागतो तोच जीवाणूंच्या वाढीसही पुरेसा असतो. कालवण मुरले की नासले, हे ठरविण्याच्या घरगुती कसोट्या दोन : एक उकळी देणे व वास घेणे. दोन्ही उपयुक्त असल्या तरी अपुऱ्या आहेत.

प्रथम उकळीचा विचार करू. उकळीने बहुतेक जीवाणू मरतात. मात्र क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स व बॅसिलस सीरियस यांचे बीजाणू तगून राहतात आणि कालवण निवू लागले की रुजतात. पैकी पहिल्याची संख्या ४५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. मोठ्या, झाकलेल्या भांड्यातील दाट रस नेमक्या याच उष्णतेत दीर्घकाळ रेंगाळतो. सकाळची उकळी वाढलेले जीवाणू मारील. पण बॅसिलस सीरियसचे वांतिकारक विष, तसेच हाताच्या स्पर्शाने शिरणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे विष, तिने नष्ट होत नाही.

बांगडा, तारली, सुरमई व कुपा या माशांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. त्यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल विपुल असते. मासा बर्फाविना राहिल्यास काही जीवाणू त्याचे हिस्टमीनमध्ये रूपांतर करतात. हे द्रव्य शिजविल्याने वा गोठविल्याने नाहीसे होत नाही. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांनुसार १०० ग्रॅम माशात ते २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. प्रमाण वाढल्यास जेवणानंतर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके दुखणे, छाती धडधडणे व अंगावर पित्त उठणे ही लक्षणे दिसतात. मग ‘बांगडा सोसत नाही’ असे म्हणून दोष माशाच्या जातीला दिला जातो. वस्तुतः तो पुष्कळदा त्याच्या हाताळणीचा असतो.

आता वासाविषयी. माशाचा उग्र दर्प मुख्यतः ट्रायमिथिलअमीन या द्रव्यामुळे येतो. कोकमाच्या आम्लाशी संयोग पावून त्याचे लवण बनते आणि दर्प मंदावतो. म्हणजे चवीसाठी घातलेले आम्ल धोक्याची सूचनाही झाकते. शिवाय पीएच ४.६ च्या खाली उतरल्याखेरीज आम्लाच्या संरक्षणावर विसंबता येत नाही; चवीपुरते कोकम, विशेषतः नारळाच्या रसात, तेथवर पोचतेच असे नाही. हिस्टमीनला तर वासच नाही.

तथापि इंद्रियांची साक्ष सर्वस्वी टाकाऊ नव्हे. कालवण आंबले, त्यावर फेस आला, रसाला तार सुटली, मांस बुळबुळीत झाले, नवसागरासारखा वास आला अथवा जिभेला चुरचुरले, तर ते टाकून द्यावे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ते कळकते. हा दोष जीवाणूंचा नसून आम्लात उतरलेल्या तांब्याचा होय. थोडक्यात, वाईट वास हा नासल्याचा पुरावा आहे; वासाचा अभाव हा निर्दोषतेचा पुरावा नव्हे.

यावरून रक्षणाचे नियम सहज निष्पन्न होतात. मासा घरी येईपर्यंत बर्फात असावा. उरणारे कालवण जेवणापूर्वीच स्वच्छ डावाने वेगळे काढावे. उथळ स्टीलच्या वा काचेच्या भांड्यांत, भांडी थंड पाण्यात ठेवून, ते लवकर निववावे आणि दोन तासांच्या आत, हवा ३२ अंशांहून उष्ण असल्यास एका तासात, शीतकपाटात ५ अंशांखाली ठेवावे. वीज दीर्घकाळ गेल्यास त्याचा मोह सोडावा. एक-दोन दिवसांत, लागेल तेवढाच भाग खदखदून उकळून संपवावा. उरलेला पुन्हा ठेवू नये.

सकाळच्या उकळीचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. मात्र तिने जे साधत नाही ते आदल्या रात्रीच्या पहिल्या दोन तासांत, आणि त्याही आधी होडीवरच्या बर्फात, साधावे लागते.