गेममधला माल गेला तर पोटात खड्डा का पडतो? आणि मुरलेले खेळाडू त्यावर काय करतात?

तीन आठवडे जमिनीखाली खाणकाम करून हिरे गोळा केले. त्यांचं चिलखत बनवलं, तलवार बनवली, कुदळ बनवली. मित्रांच्या सर्व्हरवर नुसता रुबाब. मग एका रात्री माइनक्राफ्टच्या नेदरमध्ये पूल बांधताना एक पाऊल चुकलं आणि गडी थेट लाव्हात. स्क्रीन लाल झाली, तीन आठवड्यांची कमाई दोन सेकंदात जळून गेली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो, "गेमच हाय की रं ते! त्यात तोंड पाडून बसायला काय झालं?"

कोल्हापूर असो नाहीतर कुडाळ, गेम खेळणारं पोरगं असलेल्या घरात हा संवाद कधी ना कधी होतोच. आणि दोघांचंही बरोबर असतं. तो गेमच आहे हे खरं, आणि पोटात खड्डा पडला हेही तितकंच खरं. मग नुकसान नक्की कशाचं झालं? आणि जे लोक वर्षानुवर्षं असे गेम खेळतात, ते हे पचवतात कसं? आज तोच विषय.

आधी सँडबॉक्स म्हणजे काय ते बघू

दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो तसंच हे. माती आणायची, दगड लावायचे, पोत्यावर चिखल थापायचा, वरून हळीव पेरायचे. बुरूज कुठं आणि तळं कुठं हे कुणी सांगत नाही. जिंकणं-हरणं नाही, लेव्हल नाही. तुमच्या मनाला येईल ते रचा. माइनक्राफ्ट, रस्ट, ईव्ह ऑनलाइन, रोब्लॉक्समधले बरेचसे गेम हे सगळे या पंथातले.

फरक एवढाच की ऑनलाइन मल्टिप्लेयरमध्ये हा किल्ला तुमच्या अंगणात नसतो, सगळ्या गावाच्या मैदानात असतो. तुम्ही झोपलात तरी मैदान चालूच राहतं. पलीकडच्या गल्लीतली पोरं रात्री येऊन किल्ला फोडू शकतात, मावळे पळवू शकतात. आणि बऱ्याच गेममध्ये ते नियमात बसतं.

नुकसान होतं म्हणूनच गेम चालतो

हे ऐकायला उलटं वाटेल, पण याचं सगळ्यात मोठं उदाहरण ईव्ह ऑनलाइनमध्ये आहे. सीसीपी गेम्स या आइसलँडच्या कंपनीने हा गेम २००३ मध्ये आणला. अवकाशात जहाजं चालवायची, खनिजं काढायची, व्यापार करायचा, लढायचं. यातली जहाजं बहुतांशी खेळाडूंनीच काढलेल्या खनिजातून खेळाडूंनीच बनवलेली असतात. आणि जहाज फुटलं की फुटलं. पुन्हा जिवंत झाल्यावर ते परत मिळत नाही.

२७ जानेवारी २०१४ ला या गेममध्ये एक लढाई झाली, जी जगभर बातमी झाली. कारण काय, तर एका गटाचं बिल थकलं! ज्या तारामंडलात त्यांचा तळ होता, तिथल्या ताब्यापोटीचं भाडं वेळेवर भरलं गेलं नाही, ताबा सुटला आणि शत्रू आत घुसला. सुमारे २१ तास लढाई चालली. हजारो खेळाडू त्यात होते. 'टायटन' नावाची सगळ्यात मोठी ७५ जहाजं नष्ट झाली. असं एक जहाज बांधायला कित्येक आठवडे आणि बऱ्याच लोकांची मेहनत लागते. एकूण नुकसान डॉलरमध्ये मोजलं तर अंदाज निघाला ३ लाखांच्या आसपास. म्हणजे त्या वेळच्या भावाने पावणेदोन-दोन कोटी रुपये. एक बिल भरायचं राहिलं म्हणून!

आता कुणी म्हणेल, कंपनीने सगळं परत का दिलं नाही? बटण दाबायचं काम. पण ते दिलं असतं तर गेम तिथंच मेला असता. जहाजं फुटतात म्हणून नवीन लागतात. नवीन लागतात म्हणून खाणकाम करणाऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळतं. कंपनीने २००७ मध्ये या बाजारावर लक्ष ठेवायला एक पीएचडीवाला अर्थतज्ज्ञ नोकरीवर ठेवला होता, यावरून काय ते समजा. काहीच हरवत नसेल तर काही कमावण्यालाही किंमत उरत नाही. लढाई झाली त्या जागी कंपनीने नंतर फुटलेल्या टायटनचे अवशेष स्मारक म्हणून कायमचे ठेवले.

मग एवढं लागतं का मनाला?

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की मिळण्याचा आनंद आणि गमावण्याचं दुःख एकाच मापाचं नसतं. त्यांच्या पुढच्या प्रयोगांत गमावण्याचं वजन साधारण दुप्पट निघालं. रस्त्यात पाचशेची नोट सापडली तर तासभर बरं वाटतं. खिशातली पाचशेची पडली तर रात्री जेवतानाही आठवते. तेच हे.

त्यात वस्तू स्वतःच्या हाताने केलेली असेल तर आणखी गोची. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लोकांना कागदाच्या घड्या घालून ओरिगामी करायला लावली. वेड्यावाकड्या झालेल्या आपल्याच कलाकृतीला त्यांनी जवळपास तज्ज्ञांच्या कामाएवढी किंमत लावली. तुमचा माइनक्राफ्टमधला वाडा दुसऱ्याला ठोकळ्यांचा ढीग दिसतो, तुम्हाला नाही, त्याचं कारण हे.

म्हणून "गेमच आहे" हे वाक्य खरं असूनही उपयोगाचं नाही. हिरे खोटे असतील, पण तीन आठवडे खरे होते.

३९ फुटांवरच ठरवायचं

यातून वाट कशी काढायची, हे कोल्हापूरकरांना वेगळं शिकवायला नको. महापुराची आणि गेमची तुलना होऊ शकत नाही, २०१९ आणि २०२१ ज्यांनी पाहिलंय त्यांना ते सांगावं लागत नाही. पण सवय तीच आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. चिखली, आंबेवाडी, सुतारवाड्यातली माणसं पाणी दारात यायची वाट बघत नाहीत. कुठल्या आकड्याला जनावरं हलवायची आणि काय माळ्यावर टाकायचं, हे डोक्यात आधीच पक्कं असतं. पाणी आल्यावर विचार करत बसलं तर सगळंच जातं.

ईव्ह खेळणाऱ्यांमध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितला जाणारा नियम याच जातीचा आहे: जे गमावणं परवडणार नाही ते घेऊन बाहेर पडायचंच नाही. म्हणजे जहाज तळावरून सुटलं की ते गेलंच असं धरायचं. परत आलं तर नफा. मुरलेले खेळाडू म्हणूनच आपल्याकडच्या सगळ्यात महागड्या जहाजातून कधी लढत नाहीत, चार-पाच पुन्हा घेता येतील अशा स्वस्त जहाजातून लढतात.

ईव्हमधल्या मोठ्या गटांनी यापुढची एक सोय केलीय, ती बघून आपल्याकडच्या भिशीची आठवण येते. गटाच्या कामगिरीवर असताना जहाज फुटलं तर गटाच्या सामाईक तिजोरीतून भरपाई मिळते. एकट्याचं नुकसान शंभर जणांत वाटलं जातं. अट एकच, गटाने सांगितलेलंच जहाज, गटाने बोलावल्यावरच नेलेलं असलं पाहिजे. स्वतःच्या खाजेने फिरायला गेलात तर तुमचं तुम्ही बघा.

माइनक्राफ्टमध्ये गोष्टी सोप्या आहेत, पण अर्ध्या पोरांना त्या माहीत नसतात. मेल्यावर सामान जिथं पडतं तिथं ते पाच मिनिटांत नाहीसं होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून जो तो जिवंत झाल्या झाल्या रिकाम्या हाताने धावत सुटतो आणि दुसऱ्यांदा मरतो. खरी गोष्ट अशी की ती पाच मिनिटं मोजली जातात ती तो भाग गेममध्ये लोड असेल तेव्हाच. तुम्ही लांब असाल आणि तिथं दुसरं कुणी नसेल, तर सहसा घड्याळ थांबलेलं असतं. तेव्हा आधी जेवण घ्या, साधं चिलखत घाला, मग निघा. मित्र मात्र तिथंच उभा राहून "ये लवकर" म्हणत असेल तर त्याच्यामुळेच घड्याळ चालू आहे, त्याला सामान उचलायला सांगा.

एंडर चेस्टमध्ये ठेवलेला माल तुम्ही मेलात तरी जात नाही, कुणी ती पेटी फोडली तरी तुमचा माल तुमचाच राहतो. नेदराइटच्या वस्तू लाव्हात जळत नाहीत. आणि लहान पोरांचा चारचौघांचा सर्व्हर असेल तर 'कीप इन्व्हेंटरी' चालू करण्यात काही कमीपणा नाही. मेल्यावरही सामान अंगावरच राहतं. काही जण याला चीटिंग म्हणतात. दहा वर्षांच्या पोराला रोज रात्री रडवण्यात कसली मर्दुमकी आहे, हे मला तरी कळलेलं नाही.

रस्टचा विषय जरा वेगळा

रस्ट हा या सगळ्यातला निर्दयी गेम. तुम्ही लॉग आउट झालात तरी तुमचं शरीर त्या जगात झोपलेलं राहतं. कुणी दार फोडून आत आलं तर झोपेतच संपवतं. पावसाळ्यात ऐन हल्ल्यात लाईट गेली आणि राउटर बंद पडला, तर तुमचा माणूस तिथं पुतळ्यासारखा. ज्याच्याकडे राउटरपुरता छोटा इन्व्हर्टर आहे तोच सुखी.

रस्टवाले घर बांधतानाच नुकसान धरून बांधतात. बाहेरच्या दाराच्या आत लगेच दुसरं दार, म्हणजे दारात मेलात तरी मारणारा थेट आत घुसत नाही. सगळा माल एका खोलीत नाही, चार ठिकाणी, त्यातला काही दुसऱ्याच छोट्या झोपडीत. चोराने मोठं घर फोडलं तरी उद्या सुरुवात करण्यापुरतं काहीतरी उरलं पाहिजे.

आणि मुख्य म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अपडेट येतो आणि सगळ्या सर्व्हरचा नकाशा पुसला जातो. राजाचा वाडा आणि भिकाऱ्याची झोपडी दोन्ही साफ. दुसऱ्या मिनिटाला सगळे हातात एक दगड आणि एक मशाल घेऊन किनाऱ्यावर. दिवाळी संपल्यावर किल्ला मोडतो म्हणून कुणी वर्षभर रडत नाही, कारण तो मोडणार हे माती कालवतानाच माहीत असतं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि रस्टचे युरोपातले २५ सर्व्हर जळाले. डेटा परत मिळणार नाही, असं कंपनीने सांगून टाकलं. पण नकाशा आदल्याच गुरुवारी, ४ मार्चला पुसला गेलेला होता. म्हणजे जळालेले वाडे जास्तीत जास्त सहा दिवसांचे. हेच एखाद्या पाच वर्षं जपलेल्या माइनक्राफ्ट वर्ल्डचं झालं असतं आणि बॅकअप नसता, तर?

रस्टचं एक अधिकृत मोबाईल ॲपही आहे. गेममध्ये अलार्म बसवला तर हल्ला झाल्यावर तुमचा खराखुरा फोन वाजतो. पहाटे तीनला. सकाळी नऊला इंजिनिअरिंगचा पेपर असला तरी. माझं मत विचाराल तर तो अलार्म बसवण्याइतकी ज्या बेसची किंमत झाली, तो बेस परवडण्याच्या बाहेर गेलाय. इशारा पातळी गेममध्ये असते तशी ती आपल्या झोपेलाही असते. आणि बेस गेल्यावर लगेच सूड घ्यायला बसणं हा आणखी एक खड्डा. रागात माणूस उरलेलं चांगलं सामान काढतो आणि अर्ध्या तासात तेही घालवतो. तेव्हा उठायचं, चहा प्यायचा, उद्या बघू म्हणायचं.

जे नुकसान खेळात धरलेलंच नसतं

आतापर्यंतचं सगळं नुकसान नियमातलं. पण काही नुकसान गेमच्या बाहेरून येतं. पब्जी मोबाईल हा काही सँडबॉक्स नाही, पण आपल्याकडच्या पोरांनी हे पहिल्यांदा पाहिलं ते त्यातच. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने बंदी घातली, ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद. पैसे देऊन घेतलेले कपडे, बंदुकीच्या स्किन सगळं अडकलं. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, तेव्हा जुना डेटा हलवायची सोय ठराविक मुदतीसाठी दिली. ज्यांनी लक्ष दिलं नाही त्यांचं राहून गेलं. पुढं २८ जुलै २०२२ ला बीजीएमआयही स्टोअरवरून गायब झाला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. गेममध्ये विकत घेतलेली वस्तू बहुतेक वेळा आपल्या मालकीची नसते, ती वापरायची परवानगी असते. न वाचता 'आय ॲग्री' दाबतो, त्यात हे लिहिलेलं असतं.

दुसरं म्हणजे सरळ चोरी. फुकट रोबक्स देतो म्हणून लिंक येते, त्यावर पासवर्ड टाकला की अकाउंट गेलं. "अकाउंट विकत घेतो, आधी लॉगिन दे" हाही तोच प्रकार. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवा, आईबाबांचं कार्ड गेममध्ये सेव्ह करू नका. असं काही झालं तर पोराला ओरडण्याआधी गेम कंपनीच्या सपोर्टला कळवा आणि पासवर्ड बदला. खात्यातून खरे पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

मित्राने रात्रीत येऊन बेस फोडला म्हणून मात्र १९३० ला फोन लावू नका. त्याच्या घरी जाऊन भांडा, नाहीतर पुढच्या पहिल्या गुरुवारची वाट बघा.