उतारवयातील घोडेस्वार आणि त्याची पाठ

चेन्नईतील वेलचेरीच्या शेजारीच गिंडी आहे. तेथील घोड्यांच्या शर्यतींची परंपरा अठराव्या शतकापासूनची. तरुणपणी घोड्यावर मांड ठोकलेल्या स्वाराची पाठ साठीनंतर दुखू लागली, की त्याला एकच प्रश्न पडतो : आता घोडा सोडावा काय?

याचे उत्तर पाठीच्या रचनेत आहे. कण्यातील मणक्यांच्या मधल्या लवचीक चकत्या हादरे शोषून घेतात. वयोमानाने त्यांतील पाण्याचा अंश घटतो व त्या ताठर होतात. दुडक्या चालीत घोड्याचे तिरप्या जोडीतील दोन पाय एकदम टेकतात आणि तो धक्का खोगिरातून स्वाराच्या कमरेस पोचतो. त्या तालावर रिकिबीत उठबस केल्यास धक्क्याचा काही भार गुडघे व घोटे उचलतात. संथ चालीत हादरे सौम्य असतात. ओट्यावरून घोड्यावर चढल्यास कमरेस पीळही कमी पडतो.

साध्या पाठदुखीत अंथरुणाला खिळून राहणे हितावह नाही. नित्य चालणे व पोटापाठीच्या स्नायूंचा व्यायाम गुणकारी ठरतो. परंतु पडल्यानंतर तीव्र वेदना होणे, पाय बधिर वा दुर्बल होणे अथवा मलमूत्रावरील ताबा सुटणे ही धोक्याची चिन्हे होत. तेव्हा तत्काळ रुग्णालय गाठावे. हाडे ठिसूळ झाली असल्यास साधे पडणेही महागात पडते. म्हणून त्यांची तपासणी आधीच करून घ्यावी.

जपानचे हिरोशी होकेत्सु १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरले होते. २०१२ साली लंडनमध्ये ते पुन्हा स्पर्धेत उतरले, तेव्हा त्यांचे वय ७१ होते. घोडा सोडण्यास केवळ वय हे कारण पुरेसे नाही.