आधी वास, मग अंतर, मग ओळख
लेखांक 6

जखमी कुत्रं घरी आणल्यावर त्याला खाऊ कसं घालायचं, जखमा कशा धुवायच्या हे मागच्या लेखांकांत आलं. आज त्याहून नाजूक गोष्ट, म्हणजे इतर कुत्र्यांची भीती.

गुंजवण्यात ही भीती बऱ्याचदा गडावरून खाली येते. शनिवार-रविवारी राजगडावर ट्रेकर्सची रीघ असते आणि बिस्किटाच्या आशेने कुत्री त्यांच्या मागे लागतात. तोरण्याहून येणाऱ्यांबरोबर तर ती अख्खी डोंगरधार तुडवतात. माणसं चोर दरवाजाच्या वाटेने गुंजवण्यात उतरतात आणि गाडीत बसून निघून जातात. कुत्रं मात्र परक्या गावात अडकतं, आणि इथल्या कुत्र्यांच्या लेखी ते घुसखोर. आमच्या पडवीतली तांबूस कुत्री अशीच आलेली. मांडीवर खोल चावे होते, आणि लांबून भुंकणं कानावर पडलं तरी खाटेखाली शिरायची.

चावा कुत्र्याचा असेल तर जखम साबणाने भरपूर धुऊन डॉक्टर सांगतील त्या तारखांना रेबीजच्या लशीचे सगळे डोस द्यायचेच. शिवाय पहिले 2 आठवडे तिला घरच्या आणि शेजारच्या कुत्र्यांपासून पूर्ण वेगळं ठेवावं. पार्वो किंवा डिस्टेंपर अंगात असेल तर बहुधा याच काळात लक्षणं दिसतात. अर्थात, लक्षण दिसलं नाही म्हणून लसीकरण टाळायचं नाही.

हे दिवस वाया जात नाहीत. शेजारचा म्हातारा मोत्या ज्या पोत्यावर झोपतो ते पोतं आम्ही पडवीच्या टोकाला टाकलं. पहिल्या रात्री ती जवळ फिरकली नाही. मग मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून तिने ते हुंगलं. पुढे त्याच पोत्याशेजारी भाकरी खाऊ लागली. समोर कुत्रा नसताना कुत्र्याची अशी ओळख झाली.

त्यानंतर भाताच्या बांधांवरून फिरणं. मोत्या एका बांधावर, ही मध्ये दोन खाचरं सोडून दुसऱ्या बांधावर, दोघंही एकाच दिशेने चालणार. समोरासमोर आणायचं नाही, कारण नजरेला नजर देऊन सरळ चालत येणं म्हणजे कुत्र्यांच्या जगात धमकी. दोर सैल हवा. आपण घाबरून तो आवळला की तिला पळायला वाट उरत नाही आणि ती दात दाखवते.

‘एकदा भिडू देत, मोडेल भीती,’ असं गावात अनेक जण मायेने सांगतात. माझा याला ठाम विरोध आहे. कोंडीत सापडलेलं कुत्रं शिकतं ते एवढंच, की कुत्रं दिसलं की कोंडी होते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी 1965 साली मांडलेल्या अभ्यासानुसार पिल्लांचा इतरांशी जुळवून घेण्याचा मुख्य काळ साधारण 3 ते 12 आठवड्यांचा. मोठ्या कुत्र्याचा तो काळ सरलेला असतो. तरीही ते शिकतं, फक्त आपल्याला वेळ जास्त द्यावा लागतो.

पाहायचं काय? शेपूट हलतेय म्हणजे खूश, असं धरू नये. इटलीतल्या संशोधकांना 2007 साली आढळलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या उजवीकडे जास्त झुकते, आणि परकं, दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. एवढं बारीक साध्या डोळ्यांना टिपता येत नाही, पण अंग ताठ आहे की सैल हे कुणालाही कळतं. ओठ चाटणं, जांभई, तोंड फिरवणं, उगाच जमीन हुंगणं ही ‘जरा थांबा’ म्हणण्याची तिची रीत. ती दिसली की आणखी एक खाचर मागे सरायचं.

मोत्याची निवड विचार करून केली होती. तो भुंकत नाही, अंगावर जात नाही, वळसा घालून बाजूने येतो. उत्साही तरुण कुत्रा कितीही प्रेमळ असला तरी या कामाचा नाही. एका सकाळी मोत्या बांधावर बसला आणि ही आपणहून त्याच्या मागच्या बाजूने गेली, हुंगली, लगेच परतली. आम्ही दोर ओढला नाही, शाबासकीचा गलकाही केला नाही. आता दोघं एकाच बांधावर पुढे-मागे चालतात.

ट्रेकर्सच्या गाड्या लागतात तिथली टोळी मात्र तिला अजून झेपत नाही, म्हणून शनिवार-रविवारी आम्ही तिकडे फिरकत नाही. गडावर जाणाऱ्यांना कळकळीची विनंती: चढताना कुत्र्याला खाऊ घालून मागे लावू नका. लागलंच आणि तुम्ही दुसऱ्या गावात उतरलात, तर त्याला गाडीत घालून त्याच्या गावी सोडा.

पुढच्या आठवड्यात: कायमचं घर शोधताना.