शिबला-पार्डी येथील बेसाल्ट स्तंभ

शिबला-पार्डी येथील बेसाल्ट स्तंभ ही यवतमाळ जिल्ह्याच्या पांढरकवडा-वणी परिसरातील एक नैसर्गिक खडकरचना आहे. रस्त्याच्या कामात उघड्या पडलेल्या या रचनेची माहिती भूशास्त्राचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी २०२२ मध्ये प्रकाशात आणली. एकमेकांना चिकटून असलेले बहुकोनी खांब पाहून जुन्या वास्तूचा भास होतो. परंतु त्यांना मानवी हात लागलेला नाही.

निर्मिती

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले. जपानच्या फुजीसारखा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी पर्वत येथे शोधू नये. लाव्हा मुख्यतः जमिनीतील लांबच लांब भेगांतून वर आला आणि थरांवर थर साचत गेले. हा खडक आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. पांढरकवडा या प्रदेशाच्या पूर्व सीमेजवळ आहे. पुढे वणीकडे त्याहून कितीतरी जुने चुनखडक आणि दगडी कोळशाचे थर आढळतात.

लाव्हाचा जाड थर सावकाश निवताना आकुंचन पावतो आणि त्याला भेगा पडतात. उन्हाळ्यात विदर्भातील काळ्या जमिनीला भेगा पडतात, तसाच हा प्रकार; ती जमीनही बहुतांशी बेसाल्ट झिजूनच तयार झाली आहे. ताण सर्व बाजूंनी सारखा असेल तर भेगा १२० अंशांच्या कोनात मिळतात आणि षट्कोन तयार होतो. निसर्ग मात्र इतका काटेकोर नसतो, त्यामुळे पाच किंवा सात बाजूंचे स्तंभही आढळतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनुसार या भेगा ८४० ते ८९० अंश सेल्सिअस तापमानाला, म्हणजे लाव्हा घट्ट झाल्यानंतर पडतात. निवणाऱ्या पृष्ठभागापासून भेगा काटकोनात आत सरकतात, म्हणून आडव्या थरात स्तंभ उभे दिसतात.

अशीच रचना मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिल येथे आहे. उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवे येथे सुमारे ४०,००० स्तंभ आहेत. अजिंठ्याची लेणीही बेसाल्टमध्येच आहेत, पण ती माणसाने कोरलेली आहेत.

संरक्षण

बेसाल्ट हाच महाराष्ट्रात खडी-गिट्टीचा मुख्य दगड आहे. ज्या खोदकामामुळे असे स्तंभ दृष्टीस पडतात, त्याच खोदकामात ते नष्टही होऊ शकतात. भेगांमुळे सुटे झालेले खांब काढणे सोपे असते, हा धोका अधिकच. लोणार सरोवर आणि कर्नाटकातील सेंट मेरी बेटांवरील स्तंभ ही राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके आहेत.

अशी स्थळे पाहताना स्तंभांच्या वरच्या टोकांकडे लक्ष द्यावे. बाजू तेथे नीट मोजता येतात. मोजमापासाठी छायाचित्रात पट्टी किंवा काठी ठेवावी. सुटा झालेला तुकडाही जागेवरून हलवू नये. थराची दिशा त्याच्या मूळ स्थितीवरूनच कळते.