तलावावरचा पिंजरा

माझी ताई फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर राहते. तिच्या घरामागे पोहण्याचा छोटा तलाव आहे आणि त्याभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत ताणलेली जाळी: तीन बाजू, वर छप्पर, चौथ्या बाजूला घर. तिथे याला सरळ ‘पूल केज’, तलावाचा पिंजरा, म्हणतात. डास आणि पालापाचोळा बाहेर राहावा म्हणून केलेली ही एक चैन, अशी माझी समजूत होती. २८ सप्टेंबर २०२२ रोजी ‘इयन’ हे चक्रीवादळ आले आणि ताईचा पिंजरा आडवा झाला. त्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेलो, तेव्हाही सांगाडा तसाच पडून होता. कंत्राटदारांकडे रांग लागली होती. मी अभियंता नाही. जुनी घरे आणि छपरे कशी बांधली जात, हे पाहत हिंडण्याचा मला पंचवीस वर्षांचा नाद आहे. त्याच नादाने मी त्या सांगाड्यापाशी बसलो.

पहिला प्रश्न साधा होता. जाळीतून वारा आरपार जातो, मग पिंजरा पडतो कसा? तिथली नेहमीची जाळी ‘अठरा-चौदा’ची असते; म्हणजे एका इंचात एका दिशेला १८ धागे, दुसऱ्या दिशेला १४. धागा इंचाच्या शतांशाहून किंचित जाड. कागदावर गुणाकार केला, तर जाळीचा जवळपास एकतृतीयांश भाग धाग्यांनीच अडवलेला निघतो. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पिंजऱ्यात विनाइल किंवा अ‍ॅक्रिलिकचे तावदान बसवले असेल, तर ते काढता येण्याजोगे हवे आणि ताशी ७५ मैलांपुढच्या वाऱ्यात ते काढावे अशी सूचना त्यावर चिकटवलेली हवी, असा तिथला नियम आहे. इयन किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १५० मैल होता. वेग दुप्पट, दाब चौपट.

दुसरे असे की अ‍ॅल्युमिनियम हलके असते. आपले कौलारू छप्पर निदान वजनाने काही काळ तग धरते. या पिंजऱ्याला वजनाचा आधार जवळजवळ नाहीच. वारा त्याला बाजूने ढकलतो आणि वरून उचलतोही. त्याला धरून ठेवतात त्या तीनच गोष्टी: तिरप्या ताण-तारा, सांध्यांचे स्क्रू आणि खांबांचे पाय काँक्रीटमध्ये रोवणारे अँकर. छपराच्या तुळया घराच्या पागोळीलगतच्या भक्कम पन्हळीला जोडलेल्या असतात. त्यामुळे पिंजरा जाताना कधी कधी ती पन्हळ आणि पाठीमागची फळीही ओढून नेतो.

ऑगस्ट १९९२ मधल्या ‘अँड्र्यू’ वादळानंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम मुळापासून तपासले. राज्यभर एकच संहिता १ मार्च २००२ पासून लागू झाली. १३ ऑगस्ट २००४ रोजी ‘चार्ली’ने तिची परीक्षा घेतली. नव्या नियमांनी बांधलेली घरे बऱ्यापैकी उभी राहिली, पण त्यांना जोडलेले पिंजरे मोठ्या संख्येने पडले. त्यानंतर पिंजऱ्यांचे नियमही कडक झाले. चार्ली ज्या कायो कोस्टा बेटावर आले, त्याच बेटावर अठरा वर्षांनी इयन आले.

ताईच्या पिंजऱ्याचे खांब मी एकेक करून पाहिले. बरेच खांब कुठेही वाकलेले नव्हते. ते पायातून सुटले होते. वरून रंग दिलेल्या पोलादी स्क्रूंची डोकी शाबूत, आणि आतला दांडा गंजून काडीएवढा उरलेला. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून खाऱ्या, दमट हवेत राहिले की त्यांच्यात एक मंद विद्युत्-रासायनिक क्रिया चालू होते. तलावातले क्लोरिन तिला हातभार लावते. वादळाने एका दुपारी केलेले काम गंजाने कित्येक वर्षे आधीच सुरू केले होते.

दुरुस्तीला आलेल्या कंत्राटदाराने मात्र आधी जाळीचाच भाव सांगितला. जाळी बदलणे सोपे असते: खाचेतली जुनी रबरी दोरी काढायची, नवी जाळी पसरायची, चाकाने नवी दोरी दाबून बसवायची आणि कडा कापायची. तणाव बेताचा ठेवायचा, नाहीतर चौकटच आत ओढली जाते. वादळ येण्याआधी काही पट्ट्यांतली जाळी मुद्दाम कापून वाऱ्याला वाट द्यावी, असे तिथले अनेक जण सांगतात. जाळी स्वस्त, सांगाडा महाग. हिशेब पटण्यासारखा आहे. पण पायाचे अँकर गंजलेले असतील, तर त्या वाटेचाही भरवसा धरता येत नाही.

“जुनेच अँकर चालतील,” असे तो म्हणाला, तेव्हा ताईने त्याच्यासमोर एक स्क्रू बोटांनी मोडून दाखवला. शेवटी स्टेनलेस स्टीलचे नवे अँकर ठरले, परवाना काढला आणि तपासणीही झाली. खर्च वाढला. भाऊजी आठवडाभर कुरकुरत होते.

त्यांची कुरकुर थांबली ती नातवामुळे. फ्लोरिडात २००० सालापासून नव्या तलावाला मुलांच्या सुरक्षेची किमान एक सोय सक्तीची आहे. निकषांत बसणारा, निदान चार फूट उंचीचा अडसर ही त्यांतली एक. ताईकडे तो अडसर म्हणजे हा पिंजराच होता. तो पडला त्या दिवसापासून तीन वर्षांच्या नातवाच्या आणि पाण्याच्या मध्ये काहीच उरले नव्हते. ही गोष्ट आम्हा तिघांच्याही उशिराच लक्षात आली. त्याच संध्याकाळी भाऊजींनी तात्पुरते कुंपण आणले.

आता दर वर्षी जूनमध्ये, वादळांचा मोसम लागतो तेव्हा, ताई खाली बसून एकेका खांबाचा पाय पाहते. मी इकडून फोनवर एवढेच विचारतो, “ताई, स्क्रू पाहिलेस का?”