लिंबाच्या वासाची तुळस



गवती चहाचे पान बोटांत चुरगळून हुंगा. नंतर लिंबाची साल हुंगा. दोन्ही वासांत साम्य आढळेल. त्याचे कारण म्हणजे दोहोंत असलेले सिट्रल हे तेलकट द्रव्य. गवती चहा आपण ठोंब फोडून लावतो. पण बियांपासून येणारी, पांढऱ्या फुलांच्या मंजिऱ्या धरणारी आणि असाच वास देणारी एक वनस्पती आहे. ती म्हणजे लिंबू-तुळस. सब्जा आणि रानतुळस यांच्या संकरातून ती निर्माण झाली. तिच्या पानांवर तेलाच्या अतिसूक्ष्म ग्रंथी असतात. पान चोळले की त्या फुटतात, तेलाची वाफ होते आणि वास नाकापर्यंत पोचतो.

आमच्या धामणगाव बढे येथील घरी मी हे बी प्रथम पेरले, ते हरभऱ्यासारखे बोटभर खोल. पंधरा दिवस पाणी घातले, पण एकही रोप उगवले नाही. "बी जुने दिले!" असे म्हणून मी विकणाऱ्याला दोष देऊन मोकळा झालो. एके दिवशी पुतणीने कुंडीच्या काठाकडे बोट दाखवले. तेथे ओल्या मातीवर सांडलेल्या चार बियांना कोंब फुटले होते! म्हणजे बी चांगले होते. चूक माझी होती.

असे का व्हावे? सब्ज्याच्या हजार बियांचे वजन सुमारे दीड ग्रॅम भरते. लिंबू-तुळशीचे बीही तसेच चिमुकले असते. कोंबाला उजेडात येऊन पाने उघडेपर्यंत बियांतील शिदोरीवरच भागवावे लागते. माती दूर सारत वर येणे हे कामच आहे आणि कामाला ऊर्जा लागते. हरभऱ्याची शिदोरी मोठी, तुळशीची चिमूटभर. त्यातून आपली काळी माती वाळली की वर कडक पापडी धरते. मग तुळशीचा कोंब वाटेतच थकतो.

आता प्रयोग करा. काळी माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समभाग मिसळून तीन कुंड्या भरा. प्रत्येकीत वीस बिया पेरा. पहिल्या दोन कुंड्यांत त्या मातीवर नुसत्या दाबा. तिसरीत तीन सेंटिमीटर खोल पुरा. दुसऱ्या कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके पालथे घाला. पाणी झारीनेच, हलके शिंपडा. भिजताच बियांभोवती फालुद्यातल्या सब्ज्यासारखा बुळबुळीत थर येईल. तो पाणी धरून ठेवतो आणि बी मातीला चिकटवतो. रोज उगवलेल्या कोंबांची संख्या वहीत लिहा.

दुसरी कुंडी कशासाठी? खोल बियांना उजेडही मिळत नाही. मग अडचण खोलीची की अंधाराची? पहिल्या व दुसऱ्या कुंडीची तुलना केली की हे उलगडेल. कोंब दिसताच मात्र खोके काढा.

मंजिऱ्या वाळल्यावर बी धरा. एकेका फुलापासून चारपर्यंत बिया मिळतात. जवळ सब्जा फुललेला असेल, तर मधमाश्या त्याचे पराग आणतात आणि पुढच्या पिढीत वास बदलू शकतो. म्हणून प्रत्येक रोपाचे एक पान चुरगळून हुंगा आणि लिंबाचा वास ठसठशीत असलेलीच रोपे बियाण्यासाठी राखा.

आणि हो, बी उगवले नाही, तर दुकानदाराला बोल लावण्याआधी आपण ते किती खोल पुरले होते, हे आठवून पाहा!