विषासाठी साप पाळायचा कोणी?

पावसाळ्यात खडकवासला धरण भरत आले आणि मुठेच्या पात्रात पाणी सोडले जाऊ लागले, की सिंहगड रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या वस्त्यांतून सर्पमित्रांना बोलावणी येऊ लागतात. बिळात पाणी शिरल्याने बाहेर पडलेला साप जिन्याखाली किंवा चपलांच्या मांडणीमागे आसरा शोधत असतो. पूर्वी त्याच्या वाट्याला काठी येई. आता तो बहुधा पिशवीत जातो आणि रानात सुटतो. हा पालट घडविण्यात पुणे शहराचा वाटा मोठा आहे. १९८० साली नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांसमवेत काचेच्या खोलीत ७२ तास काढले, आणि पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. परंतु सापाला जीवदान देणे वेगळे आणि त्याला पाळून त्याची वीण वाढविणे वेगळे. सर्पदंशाने मरणाऱ्या माणसाचे हित या दुसऱ्या कामात अधिक गुंतलेले आहे, आणि नेमके तेच आपल्याकडे दुर्लक्षित राहिले आहे.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे दरसाल सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. मरणारा बहुतेक वेळा शेतकरी, शेतमजूर किंवा त्यांचे मूल असते. त्याच्यावर उपाय एकच: प्रतिविष. सापाचे विष अल्प प्रमाणात घोड्याला टोचायचे आणि त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये वेगळी काढायची, ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. या व्यवसायात पुणे जिल्हा मागे नाही. पिंपरी आणि नारायणगाव ही नावे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहेत. मात्र देशातील प्रतिविषासाठी लागणारे विष वर्षानुवर्षे मुख्यतः आले ते तामिळनाडूतून, १९७८ साली स्थापन झालेल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. रानातून साप धरायचा, मडक्यात सुमारे तीन आठवडे ठेवायचा, काही वेळा विष काढायचे आणि सोडून द्यायचा, अशी तिची रीत आहे. कातड्याच्या व्यापारावर बंदी आल्यावर उपजीविका गमावून बसलेल्या जमातीला या संस्थेने सन्मानाचा रोजगार दिला, याबद्दल दुमत नाही.

अडचण वेगळीच आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशाने बदलते, इतकेच नव्हे तर वयानुसारही बदलते, हे आता संशोधनाने सिद्ध झाले आहे. चेन्नईच्या परिसरातील घोणशीच्या विषावर बेतलेले औषध मावळच्या भातखाचरात तितकेच लागू पडेल, अशी हमी देता येत नाही. ते कमी पडले तर कुप्या वाढतात, खर्च वाढतो आणि हातचा वेळ जातो. म्हणूनच विष ज्याच्यापासून घेतले त्या सापाचे मूळ ठिकाण ठाऊक असावे आणि साप सर्पालयात नीट पाळलेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आग्रह आहे. ब्राझीलमधील साओ पाउलोच्या बुतांतान संस्थेत विषारी सापांची वीण बंदिवासात घेतली जाते. मग महाराष्ट्रात हे का होऊ नये?

अर्थशास्त्राच्या वर्गात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. इंग्रज अमदानीत दिल्लीत नाग मारण्याबद्दल इनाम लागले, तेव्हा लोकांनी इनामासाठी नाग पाळण्यास सुरुवात केली! गोष्ट चटकदार आहे, पण तिला विश्वसनीय पुरावा नाही. आणि ज्याने एकदा तरी साप पाळला आहे त्याला ती पटणारही नाही. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्यात सहा वर्षे दरसाल सरासरी सव्वादोन लाख फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. ती कोणी पाळलेली नव्हती. कातळावरचा दगड उलटला की फुरसे मिळे. रानातला साप फुकट मिळतो, पाळलेला फार महाग पडतो. सारा पेच येथेच आहे.

महाग का, हे सापाच्या स्वभावात पाहावे. त्याच्या शरीराला स्वतःची ऊब नाही. पिंजऱ्याची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड असेल, तरच तो हवे तेव्हा जागा बदलून अन्न पचवू शकतो. अंग चोरून बसण्यास अंधारी पेटी नसेल, तर पुष्कळ साप उंदीर समोर असूनही उपाशी राहतात आणि काचेवर तोंड आपटून जखमी होतात. कात टाकण्याच्या वेळी हवेत दमटपणा हवा. मण्यार आणि नाग इतर सापांना खातात. त्यांना एकत्र ठेवणे म्हणजे एकाला दुसऱ्याचे भक्ष्य करणे होय. नर-मादी काही काळच, तेही देखरेखीखाली, एकत्र आणावी लागतात. त्यासाठी आधी हिवाळ्याचा गारवा जाणवू द्यावा लागतो, कारण घोणशीचा समागम थंडीत होतो आणि उन्हाळा-पावसाळ्याच्या सांध्यावर ती पिले देते. घोणस आणि फुरसे थेट पिलांना जन्म देतात, तर नाग आणि मण्यार अंडी घालतात. नागाची अंडी उबण्यास सुमारे दोन महिने लागतात. बाहेर पडलेली पिले पुष्कळदा उंदराच्या पिलाला तोंड लावीत नाहीत. मग त्याला पालीचा वास चोळून ते पुढे करावे लागते. (दोन धामणी एकमेकींना वेढे घालताना दिसल्या की मीलन समजून त्यांच्यावर नवे वस्त्र टाकणारे अजूनही आढळतात, प्रत्यक्षात ती बहुधा दोन नरांची झुंज असते.)

या सर्व गोष्टींना लागतात माणसे, उंदरांची स्वतंत्र पैदास आणि धीर. जागा वाचविण्यासाठी फळीवर एकावर एक डबे रचले तर खर्च कमी होतो, स्वच्छताही सोपी जाते. पण त्यात सापाला हालचालीस वाव उरत नाही. प्रशस्त, नैसर्गिक पिंजरा सापाला मानवतो, मात्र त्यातील आजार उशिरा लक्षात येतो. कोणत्या जातीला काय द्यावे, हे अनुभवानेच ठरते.

असा अनुभव असलेली माणसे आपल्याकडे नाहीत असे नाही. पण परदेशी बॉल पायथॉनची रंगीबेरंगी पिले शौकिनांना हजारो रुपयांना विकली जातात, तेव्हा त्या कौशल्याला बाजार मिळतो. मुंबईच्या विमानतळावर प्रवाशांच्या सामानात असे साप वारंवार सापडतात. अशा संरक्षित परदेशी प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केली, हे योग्यच झाले. देशी साप मात्र परवान्याखेरीज कोणालाही पाळता येत नाही, आणि तेही योग्यच आहे. म्हणजे या कामात सरकारखेरीज दुसऱ्याला पुढाकार घेता येणे कठीण.

सरकारनेही उद्दिष्ट ठरविले आहे: सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर झाली. परंतु सरकारी रुग्णालयांसाठी औषध घेताना निविदेतील सर्वांत कमी दर पाहिला जातो. विष कोठल्या सापाचे, याला वेगळी किंमत मिळत नाही. तेव्हा कोकणातील फुरसे आणि मावळातील घोणस स्वखर्चाने पाळणारा कारखानदार त्याच निविदेत हरणार, हे उघड आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी एक सर्पालय काढले, तर पिले वाढून भरवशाचे विष देऊ लागेपर्यंत काही वर्षे केवळ उंदीर, वीज आणि पगार यांवर पैसा जाईल. ती वर्षे कोणत्याही खाजगी ताळेबंदात बसणारी नाहीत. ती राज्याच्या अंदाजपत्रकातच बसवावी लागतील.